येऊन पाहा

माझी सासू लग्नाच्या गर्दीत हरवली, आणि त्याचं खापर मी पहिल्या दिवसापासून जगावर फोडत आलो. मी धम्मदीप. दुसरबीडला रस्त्यालगत माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे, घरांचं वायरिंगही करतो. माझ्या दुकानात मोटार थंड होते आणि माणूस गरम होतो, असं गावात म्हणतात. खोटं नाही. पण या एका गोष्टीत मी ज्याच्यावर तापायला हवं होतं त्याचे आभार मानले, आणि ज्यांचे आभार मानायला हवे होते त्यांच्याशी भांडलो.

सासूचं नाव बेबीताई. मी त्यांना मामी म्हणायचो. माझी बायको सारिका ही त्यांची एकुलती एक लेक, त्यामुळे सासरे वारल्यावर मामी आमच्याकडेच राहायला आल्या. गेल्या काही वर्षांत त्यांचं विसरणं वाढत गेलं. आधी चष्मा विसरायच्या, मग गॅसवरचं दूध, मग माणसं. विसरल्यावर दुसरी म्हातारी माणसं घाबरतात, चिडतात. मामी तसलं काही करत नसत. त्या हो म्हणत. जेवलात का, हाव. अजून जेवायचंय का, हाव. आज सोमवार ना, हाव. विचारलेलं कळलं नाही हे त्या समोरच्याला कधी कळू देत नसत. सारं आयुष्य दुसऱ्यांच्या शेतात निंदण-खुरपण केलेली बाई. समोरच्याला नाराज करायचं नाही ही सवय इतकी मुरलेली, की बाकी सगळं पुसलं गेलं तरी ती तेवढी राहिली.

मे महिन्यात हिवरा आश्रमला सारिकाच्या मामेबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. त्या दिवशी तिथे आणखीही लग्नं होती, आणि रस्त्याच्या कडेने वऱ्हाडाच्या गाड्याच गाड्या उभ्या होत्या. जेवणं झाल्यावर सारिका मामींना मांडवाच्या सावलीत बसवून पाणी आणायला गेली. परत आली तर खुर्ची रिकामी. मामी नव्या पातळात उठून दुसऱ्याच कुणाच्या वऱ्हाडाच्या गाडीत जाऊन बसल्या होत्या. वऱ्हाडाच्या गाडीत चांगलं पातळ नेसलेल्या म्हातारीला कोण हटकणार? मुलाकडच्यांना वाटलं असेल मुलीकडची आहे, मुलीकडच्यांना वाटलं असेल मुलाकडची. कुणी विचारलंच असेल, आजी, आपल्यासंगंच ना? आणि मामी हाव म्हणाल्या असतील. पण हे सगळं आम्हाला पुढे कळलं. त्या दिवशी आम्ही संध्याकाळपर्यंत विहिरी आणि शेतं पाहत फिरलो.

पोलिसात कळवलं. फोटो सगळ्या ग्रुपवर टाकला. मग कुणीतरी सांगितलं की अशी भरकटलेली माणसं बहुतेक वेळा कुठल्या तरी निवारा केंद्रात पोचवली जातात, तिथे चौकशी करा. मी नंबर मिळवले आणि दुकानात बसून एकेक ठिकाणी फोन लावत गेलो.

मामींची एक खूण पक्की होती. डाव्या हातावर कोपराच्या खाली विंचू गोंदलेला, पण त्याला शेपूट नव्हतं. लहानपणी जत्रेत गोंदताना सुई सहन झाली नाही म्हणून त्या अर्ध्यातच हात हिसकावून पळाल्या होत्या. माहा इचू चावत नाही, असं त्या गल्लीतल्या पोरांना सांगायच्या. त्यामुळे मी फोनवर नाव कमी आणि विंचू जास्त सांगत होतो.

अकोल्याच्या केंद्रातली बाई म्हणाली, असं सांगता येत नाही, येऊन पाहा. मी भडकलो. म्हटलं, तुमच्याकडे राहणाऱ्या बायांचे हात तुम्हाला माहीत नाहीत? ती तेवढ्याच थंडपणे म्हणाली, खूप बाया आहेत, नव्या येतात, मला नक्की माहीत नाही, येऊन पाहा. जालन्यालाही तेच ऐकवलं. बुलढाण्याला तर फोन उचललेल्या माणसाने दोनदा थांबायला लावून शेवटी तेच सांगितलं. मी शिव्या घालत गेलो, पण गेलो. प्रत्येक ठिकाणी सारिका आत जाऊन एकेका बाईपाशी थांबायची, हात पाहायची, तोंड पाहायची आणि मान हलवत बाहेर यायची. त्या दिवसांत ती बसमध्ये माझ्याशी काही बोलत नसे.

मलकापूरच्या केंद्राची मात्र बातच वेगळी. फोन पहिल्या घंटीला उचलला. राखी नावाच्या मुलीने अदबीने सांगितलं की दादा, फोटोचा भरवसा नसतो, आमच्याकडे येतात तेव्हा बायांचे केस उतरवलेले असतात, तोंड सुकलेलं असतं, नावही धड सांगत नाहीत, तुम्ही गोंदण सांगा, आमच्याकडे सगळं कॉम्प्युटरवर आहे. मी विंचू सांगितला. पलीकडे बटणं दाबल्याचा आवाज आला आणि लगेच उत्तर आलं. नाही दादा, विंचवाचं गोंदण असलेलं आमच्याकडे कुणीच नाही.

मी तिचे मनापासून आभार मानले. सारिकाला म्हटलं, बघ, याला म्हणतात व्यवस्था. साऱ्या विदर्भात एवढी एकच जागा सुधारलेली आहे. पुढेही सारिका तिथे अधूनमधून फोन करत राहिली, कारण तिथे कुणी तिला ताटकळत ठेवत नसे. राखीपौर्णिमेच्या दिवशीही केला. तेच उत्तर, तितक्याच अदबीने. एकदा ती मला म्हणाली की मलकापूरलाही एक चक्कर टाकून येऊ. मी म्हटलं, काऊन? त्यांनी साफ नाही सांगितलं ना? मग ती पुन्हा त्याबद्दल बोलली नाही.

दिवाळीच्या तोंडाला मलकापूरहूनच फोन आला. प्रज्वल नावाचा पोरगा बोलत होता. केंद्रातला कॉम्प्युटरचा प्रोग्राम त्यानेच तयार केला होता आणि तोच सांभाळत होता. तुमच्या सासूबाईंबद्दल बोलायचं आहे, तुम्ही दोघं या, असं म्हणाला. मी सापडल्या का म्हणून विचारलं. तो जरा थांबला, आणि फोनवर नको, या, एवढंच बोलला.

फोन ठेवल्यापासून सारिकाचे हात थांबेनात. तिने मामींचं जुनं मऊ पातळ काढलं, खोबरेल तेलाची बाटली घेतली, फणी घेतली, सगळं पिशवीत भरलं. वाईट बातमी असती तर पोलिसांनी फोन केला असता, असं तिचं म्हणणं. मला प्रज्वलचं ते थांबणं खटकलं होतं, पण मी गप्प बसलो. चिखली गेलं, बुलढाणा गेलं, राजूरचा घाट उतरलो, आणि ती सारा वेळ एकच बोलत होती, की केस उतरवले असले तरी आतापर्यंत बोटभर तरी वाढले असतील, तेल लावता येईल. इतकं ती गेल्या सहा महिन्यांत बोलली नव्हती.

केंद्र स्टेशनच्या मागच्या बाजूला होतं, एक मजली लांब इमारत आणि पुढे कडुनिंब. ते चालवणारे वामनराव रेल्वेतून निवृत्त झालेले, पांढऱ्या शर्टातले सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी आम्हाला ऑफिसात बसवलं आणि पाणी दिलं. सारिकाने पाणी घेतलं नाही. माय कुठं हाय, एवढंच विचारलं.

वामनरावांनी इकडचं तिकडचं काही न लावता सांगितलं. बेबीताई मे महिन्यापासून इथेच होत्या. कुठल्या तरी वऱ्हाडाच्या गाडीतून उतरून स्टेशनवर बसलेल्या सापडल्या, पोलिसांनी आणून सोडल्या. पोळ्यानंतर त्यांना ताप आला, सरकारी दवाखान्यात नेलं, आणि तिथे त्या गेल्या. बेवारस म्हणून जितके दिवस थांबावं लागतं तितके थांबून इथल्या मंडळींनीच अंत्यविधी केला.

सारिका रडली नाही. तिने पिशवी मांडीवर घट्ट धरली. म्हणाली, "मी राखीपौर्णिमेले फोन केला होता. तवा माय कुठं होती?"

"ह्याच इमारतीत," वामनराव म्हणाले. "मागच्या खोलीत."

मी उठलो. कुणाची तरी गचांडी धरायची म्हणून उठलो, आणि समोर प्रज्वल उभा होता, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा, चष्मा लावलेला. तो मागे सरला नाही. दादा, आधी ऐकून घ्या, मग मारा, असं म्हणाला. माझा राग हातातच राहिला.

त्याने जे सांगितलं ते मला जसं समजलं तसं सांगतो. कॉम्प्युटरमध्ये माहिती रकान्यांमध्ये ठेवलेली असते. एक रकाना नावाचा, एक गावाचा, एक गोंदणाचा. माहिती मागताना अवतरणचिन्हं लावायची असतात आणि ती दोन प्रकारची. दुहेरी चिन्हांत लिहिलं तर तो रकाना समजायचा, एकेरी चिन्हांत लिहिलं तर नुसता शब्द. प्रज्वलने सुरुवातीला घाईत ही चिन्हं कुठेही कशीही लावली होती. कडक नियमाचा डेटाबेस अशा वेळी काम थांबवतो आणि सांगतो की तुम्ही म्हणता तसा रकाना माझ्याकडे नाही. तसंच होऊ लागलं. दिवसभर पडद्यावर लाल अक्षरं यायची, फोनवरच्या पोरी घाबरायच्या, काम अडायचं. वामनरावांनी त्याला सांगितलं की बाबा, हा सारखा भांडतो, जरा समजूतदार कर. सगळी चिन्हं नीट करत बसायला त्याला सवड नव्हती. त्याने नियम सैल करून टाकला. सैल नियमात डेटाबेस भांडत नाही. दुहेरी चिन्हांतला रकाना सापडला नाही तर तो आपल्या मनानेच ठरवतो की याला नुसता शब्द म्हणायचा असेल, आणि पुढे चालू लागतो. सगळे खूश झाले.

मागच्या वर्षी त्याने रकान्यांची आवराआवर केली. गोंदण, तीळ, जखमेचे व्रण हे सगळं एकत्र करून शरीरावरच्या खुणा असा एकच रकाना केला आणि गोंदणाचा रकाना काढून टाकला. पण शोधायची आज्ञा जुनीच राहिली. ती अजूनही गोंदणाच्या रकान्यात विंचू शोध म्हणत होती. रकाना तर उरलाच नव्हता. सैल नियमाने काय केलं, तर गोंदण हा शब्दच हातात धरला आणि प्रत्येक बाईच्या नोंदीपाशी जाऊन एवढंच पाहिलं की गोंदण हा शब्द आणि विंचू हा शब्द एकच आहेत का. नाहीत. पुढच्या बाईपाशीही नाहीत. सगळ्या बायांपाशी नाहीत. आणि पडद्यावर उत्तर आलं, कुणी नाही.

चूक उघडी पडली तीही अशीच. एक माणूस आईला शोधत फोन न करता थेट दारात आला. आईच्या कपाळावर गोंदलेलं होतं. राखीने त्याच्यासमोर कॉम्प्युटरला विचारलं, कॉम्प्युटर म्हणाला कुणी नाही, आणि त्याच वेळी त्याची आईच ताट घेऊन दारातून आत आली. राखीने प्रज्वलला फोन केला. त्याने नियम कडक केला, आणि पहिल्याच प्रश्नाला लाल अक्षरं आली की असा रकाना नाही. मग त्याने ती आज्ञा दुरुस्त केली, आणि मधल्या काळात गोंदण सांगून विचारलेली सगळी चौकशी पुन्हा तपासली. त्यात आमचा विंचू निघाला. विमलबाईंनी, म्हणजे तिथे बायांची देखभाल करणाऱ्या बाईंनी, पहिल्याच दिवशी नोंदवून ठेवलं होतं. डाव्या हातावर विंचू, शेपूट नाही.

मला हे कळायला वेळ लागला नाही. फ्यूज सारखा उडतो म्हणून गिऱ्हाईक माझ्याकडे येतं आणि म्हणतं, जरा जाडी तार बांधून द्या. जाडी तार बांधली की फ्यूज उडत नाही, लाइट जात नाही, सगळे खूश. मग जळायचं ते भिंतीच्या आत जळतं. मी नाही म्हणतो, ते चिडतात, आणि मी बांधून देतो. त्या पोराची गचांडी धरायला माझे हात पुढे आले नाहीत ते म्हणून.

वामनराव मान खाली घालून म्हणाले की पूर्वी कॉम्प्युटर नव्हता तेव्हा विमलबाई फोन कानाला लावून खोल्याखोल्यांतून फिरायच्या आणि बायांचे हात बघून सांगायच्या. वेळ लागायचा. लोक वैतागायचे.

दारात उभ्या असलेल्या विमलबाई पदराने डोळे पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "मी लई इचारलं तिले, बाई. अकोल्याची का? हाव म्हने. मेहकरची का? हाव. नांदुऱ्याची का? तरी हाव. मंग पहिलं इचारलं तेच लिवलं, अकोला. भांडली नाही कवाच. सारं हाव हाव करे."

सारिका ऐकत होती. मग तिने प्रज्वलला विचारलं, "आता त्याले इचारलं, अन् त्याले समजलं नाही, त काय म्हनते तो?"

"आता थांबते ताई," प्रज्वल म्हणाला. "तुमी इचारता ते माह्याजवळ नाही, मले सांगता येत नाही, असं म्हनते."

"येवढंच म्हटलं असतं," सारिका म्हणाली, "त मी आली असती."

बाहेर स्टेशनवर कुठल्या तरी गाडीची घोषणा चालू होती. खरंच, ज्यांनी ज्यांनी माहीत नाही म्हटलं त्या सगळ्यांकडे आम्ही गेलो होतो. अकोल्याला गेलो, जालन्याला गेलो, बुलढाण्याला गेलो, शिव्या घालत गेलो. फक्त ज्याने साफ उत्तर दिलं तिथे गेलो नाही. माझ्या मनात आलं की हे मी सारिकाला बोलून दाखवावं, पण ते तिच्या आधीच ध्यानात आलं होतं, आणि मलकापूरला जायला नको म्हणणारा कोण होता हेही. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

तिने मामींची जागा बघायची म्हटलं. विमलबाई आम्हाला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. दोन्ही भिंतींना लागून खाटा होत्या आणि खिडकीजवळची खाट मामींची होती. विमलबाई सांगत होत्या की बेबीताईंना तिथे ऊन आवडायचं, त्या शेजारणीचे पाय चेपून द्यायच्या, वरणात तिखट कमी पडलं तरी चांगलं म्हणायच्या. सारिकाने अग्नी कुणी दिला ते विचारलं. विमलबाई म्हणाल्या, मीच. सारिका वाकून त्यांच्या पाया पडली. मी दाराशीच उभा राहिलो.

त्या खाटेवर आता दुसरी बाई बसली होती. बारीक, गोरी, केस नुकतेच उगवलेले. तिने सारिकाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. तिने पिशवीसकट सारिकाचा हात धरला आणि आपल्याकडे ओढला.

"आली का वं? मले न्यायले आली ना?"

विमलबाईंनी सारिकाला डोळ्यांनीच खुणावलं की हो म्हणून टाका. हळूच म्हणाल्याही, की इथे येणाऱ्या प्रत्येकीला ती असंच विचारते, हो म्हटलं की शांत होते, सांजेपर्यंत विसरून जाते. मी तिच्या जागी असतो तर हो म्हणून मोकळा झालो असतो. कुणाचं काय जात होतं?

सारिका खाटेवर तिच्या शेजारी बसली. "नाही माय," ती म्हणाली. "मी तुही लेक नाही."

बाईचा चेहरा पडला. विमलबाईंनी जीभ चावली. पण त्या बाईने हात सोडला नाही, आणि सारिकानेही सोडवून घेतला नाही.

"मंग माही लेक कवा येईल?" बाईने विचारलं.

"मले माहीत नाही," सारिका म्हणाली, आणि बातमी ऐकल्यापासून कोरडी राहिलेली माझी बायको त्या परक्या बाईच्या मांडीवर डोकं ठेवून रडू लागली.